रात्रपाळीची झोप आणि रुळालगतचे घर

डोंबिवलीत भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या ठाण्यातील एका रुग्णालयात परिचारिका आहेत आणि महिन्यातून दहा-बारा वेळा त्यांना रात्रपाळी असते. पती भांडुपला नोकरी करतात. घरात सासूबाई आणि दुसरीत शिकणारा मुलगा आहे. दोन घरांवर त्यांचे बोलणे येऊन थांबले आहे. पहिले घर बदलापूर पश्चिमेला स्थानकापासून तीन किलोमीटरवर, सात इमारतींच्या नव्या संकुलातील चौथ्या इमारतीत अकराव्या मजल्यावर आहे. त्याचे कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ६१० चौरस फूट, सांगितलेली किंमत ४४ लाख, पार्किंगचे ३ लाख वेगळे आणि ताबा दोन वर्षांनी. दुसरे घर अंबरनाथ पूर्वेला, स्थानकापासून आठ मिनिटांच्या चालीवर, चौदा वर्षांच्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. तेथे ५०० चौरस फूट कार्पेटसाठी ५२ लाख मागितले आहेत, मात्र दिवाणखाना आणि मोठी झोपण्याची खोली थेट रेल्वे रुळांकडे उघडते. दिरांच्या मते बदलापूरचे घर शांत आहे आणि गुंतवणूक म्हणूनही ते चांगले. पतीला अंबरनाथ सोयीचे वाटते, आणि आवाजाची सवय होते असे ते म्हणतात. बदलापूरचा दर येत्या रविवारपर्यंतच टिकेल, असे विक्री कार्यालयाने सांगितले आहे. “शांतता घ्यावी की सोय, एवढेच सांगा,” असे त्यांनी शेवटी लिहिले आहे.

ताई,

तुमचे पत्र दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा माझे लक्ष एकाच ओळीवर अडले. तुम्ही लिहिले आहे की रात्रपाळीहून सकाळी नऊच्या सुमारास घरी आल्यावर दुपारी दोन-अडीचपर्यंतच तुम्हाला झोपता येते, कारण त्यानंतर मुलगा शाळेतून येतो. घर निवडण्याच्या सगळ्या चर्चेत ही गोष्ट दोन ओळींत आली आणि मागे पडली. मला वाटते, तुमच्या निर्णयाची सुरुवात तेथूनच व्हायला हवी.

“शांत घर” असे आपण म्हणतो तेव्हा मनात रात्रीची शांतता असते. कायद्याचीही कल्पना तशीच आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, आणि त्यातील रात्र ही दहा ते सहा एवढीच आहे. तुमची रात्र मात्र महिन्यातून दहा-बारा वेळा सकाळी नऊला सुरू होते. त्या वेळी शेजारी भिंत फोडली जात असेल किंवा काँक्रीटचा मिक्सर उभा असेल, तर तक्रारीला फारसा आधार उरत नाही, कारण जगाच्या दृष्टीने तो कामाचा वेळ असतो. म्हणून तुमच्यापुरता प्रश्न असा मांडून पाहा: या दोन घरांपैकी कोणत्या घरात सकाळी नऊ ते दुपारी अडीच या वेळेत झोप लागेल?

असे विचारल्यावर बदलापूरचे घर तितकेसे शांत राहत नाही. सात इमारतींपैकी तुमची चौथी आहे. तुम्हाला ताबा मिळेल तेव्हा पाचवी, सहावी आणि सातवी बहुधा उभी राहत असतील, आणि बांधकामाचा सर्वांत कर्कश भाग सांगाड्यानंतर येतो. फरशी कापणारा कटर, भिंतीत वायरिंगसाठी खाचा पाडणारे यंत्र, लोखंडी परांचीवरून खाली टाकलेले पाइप, हे सगळे सकाळी नऊलाच सुरू होते. त्यात आपल्याच इमारतीत नव्याने राहायला येणारे प्रत्येक बिऱ्हाड फर्निचर करून घेते. नव्या संकुलात पहिली दोन-तीन वर्षे एकही दिवस ड्रिलच्या आवाजाशिवाय गेला नाही, असे सांगणारी बरीच माणसे मला भेटली आहेत. तुम्ही घर पाहायला दोन्ही वेळा रविवारी गेला होतात, असे पत्रात आहे. सुटी असते म्हणून आपण सगळेच रविवारी जातो, आणि काम थांबलेले किंवा मंदावलेले असण्याचा तोच वार असतो.

हे अंदाजावर सोडण्याचे कारण नाही. रेरा या घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात प्रकल्पाचा प्रत्येक टप्पा स्वतंत्र प्रकल्प मानून नोंदवावा लागतो. महारेरा या त्याच्या राज्यातील प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तुमच्या इमारतीचा नोंदणी क्रमांक घालून मंजूर आराखडा पाहा, मग उरलेल्या इमारतींची नोंदणी झाली आहे का आणि त्यांच्या पूर्णत्वाच्या तारखा काय दिल्या आहेत, ते शोधा. एखाद्या इमारतीची नोंदणीच झालेली नसेल, तर तिचे काम तुमचा मुलगा पाचवी-सहावीत जाईपर्यंतही सुरू झालेले नसेल आणि नंतर सुरू होईल, ही शक्यता धरून चाला. खिडकीतून दिसणाऱ्या मोकळ्या शेताचेही तसेच आहे. ते शेत विकास आराखड्यात कशासाठी दाखवले आहे, हे नगरपालिकेच्या नगररचना विभागातून भाग नकाशा घेतला की कळते. रस्ता, शाळा, बाजार की आणखी इमारती, यांपैकी काहीही तेथे येऊ शकते, आणि आजची शांतता ही अनेकदा त्या शेतमालकाने अजून जमीन न विकल्यामुळे मिळालेली असते. परिसरात लग्नाचे लॉन आहे का, हेही पायी फिरून पाहा. अकराव्या मजल्यावर आवाज येत नाही हे विक्री प्रतिनिधीचे म्हणणेही जसेच्या तसे स्वीकारू नका. खालच्या मजल्यांना कुंपणाची भिंत, दुकानांची रांग, बैठी घरे यांचा आडोसा असतो. वर गेल्यावर तो आडोसा संपतो आणि दूरच्या रस्त्याचा आवाज सरळ खिडकीपर्यंत पोहोचतो.

आणखी एक गोष्ट येथेच सांगते. वडोदरा–मुंबई द्रुतगती महामार्गाचा मार्ग बदलापूरजवळून जातो आणि माथेरानच्या डोंगररांगेखालच्या बोगद्यातून पनवेलच्या बाजूला निघतो. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये चिखलोली हे नवे स्थानक होऊ घातले आहे. विक्री कार्यालयातील नकाशावर या दोन्ही गोष्टी ठळक रंगात असतील, आणि भावासाठी त्या खरोखरच चांगल्या आहेत. पण महामार्ग जितका जवळ तितका भाव जास्त आणि तितकाच आवाजही जास्त, हे त्या नकाशावर लिहिलेले नसते. तुमचे संकुल त्या रस्त्यापासून हवेतून किती अंतरावर आहे, ते स्वतः मोजा.

आता अंबरनाथच्या घराकडे येते, आणि येथे मला तुमच्या पतीच्या म्हणण्याला अर्धाच होकार देता येईल. माझी बारा वर्षे ठाकुर्लीत रुळांपासून दोन इमारती सोडून असलेल्या घरात गेली. पहिले काही महिने मध्यरात्रीनंतरच्या मालगाडीला मी हमखास जागी होत असे. मांडणीवरची स्टीलची फुलपात्री एकमेकांना लागून बारीक किणकिण करत राहायची आणि गाडी गेल्यावरही क्षणभर थांबायची नाही. पुढे जाग येणे बंद झाले. पण एकदा माहेरची माणसे राहायला आली तेव्हा बहिणीने विचारले, “तुम्ही सगळे बोलता बोलता मध्येच गप्प का होता?” आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. लोकल आली की वाक्य अर्धे सोडायचे आणि ती गेल्यावर तेथूनच पुढे चालू करायचे, ही सवय चौघांनाही लागून गेली होती. सवय होते हे खरे आहे. मात्र झोप मोडली नाही तरी शरीर आवाजाला प्रतिसाद देत राहते, नाडीची गती वाढते, झोप उथळ होते. आधीच झोपेची उलटापालट सहन करणाऱ्या माणसाने केवळ सवयीच्या भरवशावर रुळालगत घर घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

तरीही हे घर मी लगेच बाद करणार नाही, कारण आवाज संपूर्ण घराला सारखा नसतो. तुम्ही लिहिले आहे की धाकटी खोली मागच्या बाजूला, सोसायटीच्या पार्किंगकडे उघडते. तिच्या आणि रुळांच्या मध्ये संपूर्ण घर उभे आहे. डेसिबलची मोजणी अशी असते की दहा डेसिबल कमी झाले म्हणजे कानाला आवाज निम्मा वाटतो, आणि रुळांकडची खोली व तिच्या पाठीमागची खोली यांत एवढा किंवा याहून अधिक फरक पडू शकतो. मोठी खोली नवरा-बायकोची, लहान खोली मुलाची आणि आजीची, हा आपल्याकडचा ठरलेला हिशोब येथे मोडावा लागेल. मागची खोली झोपण्यासाठी राखून ठेवा. तुमच्या दिवसाच्या झोपेसाठी आणि रात्री सासूबाईंसाठी व मुलासाठी. रुळांकडच्या खोलीत कपाटे आणि तुम्हा दोघांचा रात्रीचा पलंग जाऊ द्या.

मुलाच्या अभ्यासाचे टेबलही त्या खिडकीशी लावू नका. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात एका शाळेची पाहणी झाली होती. शाळेलगत उन्नत मार्गावरून गाड्या जात असत. त्या बाजूच्या वर्गांतली मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे पडलेली आढळली. नंतर रुळांखाली रबराचे थर बसवून आणि वर्गांत आवाज शोषणारी छते लावून आवाज कमी केल्यावर हा फरक नाहीसा झाला. म्हणजे या बाबतीत हातात काहीच नसते असे नाही.

खिडक्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण असेच प्रश्न विचारणारी आणखी पत्रे आली आहेत. आवाज काचेतून जितका येतो, त्याहून अधिक फटींतून येतो. आपल्या इमारतींतल्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना खाली रुळासारखी खाच असते आणि दोन पल्ल्यांच्या मध्ये नेहमीच मोकळी जागा राहते. खिडकी घट्ट लावून तिच्या फटीत वहीच्या कागदाची पट्टी सरकवून पाहा. पट्टी सहज आत-बाहेर होत असेल, तर कितीही जाड काच बसवली तरी पैसे वाया जातील. दारासारखी उघडणारी, चारही बाजूंनी रबराची पट्टी दाबून बंद होणारी खिडकी आणि तिच्यात लॅमिनेटेड काच, एवढ्याने खूप फरक पडतो. पण तिचा उपयोग ती बंद असेपर्यंतच असतो. अंबरनाथ-बदलापुरात एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत पंख्यावर दिवसा झोपणे शक्य नसते, म्हणून एसी आणि त्याचे वीजबिल हेही या खिडकीच्या खर्चातच धरा. मालगाडीने जमिनीतून येणारी थरथर मात्र कोणत्याही काचेने थांबत नाही. ती किती आहे हे त्या घरात बसूनच कळेल: टिपॉयवर पाण्याने भरलेले भांडे ठेवा आणि गाडी जाताना पाण्याकडे पाहा.

रुळांबाबत एक चौकशी अत्यावश्यक आहे. कल्याण ते बदलापूर तिसरी आणि चौथी मार्गिका मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या ३-अ टप्प्यात मंजूर झालेली आहे. नवे रूळ तुमच्या इमारतीच्या बाजूने येणार की पलीकडून, हे सोसायटीच्या सचिवांना माहीत असायला हवे. त्यांच्याकडे रेल्वेची एखादी नोटीस किंवा मोजणीचा कागद आला आहे का, तेही विचारा. जेथे आज दोन मार्गिका आहेत तेथे उद्या चार झाल्या आणि त्यांतली एक कुंपणाला लागून आली, तर वर लिहिलेले सगळे गणित बदलेल.

आता पैशांकडे वळते. ४४ आणि ५२ यांच्यात आठ लाखांचा फरक दिसतो, आणि दिरांचे म्हणणे त्यावरच उभे आहे. मात्र बदलापूरच्या घराला पार्किंगसह ४७ लाख पडतात. विक्री प्रतिनिधीने तुम्हाला जीएसटी एक टक्का सांगितला आहे. परवडणाऱ्या घरासाठीचा तो दर मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत कार्पेट आणि ४५ लाखांपर्यंत एकूण रक्कम असेल तरच लागतो, आणि त्या एकूण रकमेत पार्किंग व इतर आकारही मोजले जातात. तुमचे कार्पेट मर्यादेत बसते, रक्कम बसत नाही. म्हणजे दर पाच टक्के, आणि कर २ लाख ३५ हजार. ताबा मिळेपर्यंतची दोन वर्षे आजच्याच १६ हजारांच्या भाड्याने राहिलात, तर आणखी ३ लाख ८४ हजार जातील. बेरीज ५३ लाख १९ हजार होते, आणि बांधकाम चालू असताना बँकेने दिलेल्या रकमेवरचे व्याज अजून त्यात धरलेले नाही. अंबरनाथचे घर भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले आणि जुने असल्यामुळे त्यावर जीएसटी नाही. दलाली, रंगकाम आणि नव्या खिडक्या यांचे दीड-दोन लाख धरले तरी ते ५४ लाखांच्या आसपास थांबते. मुद्रांक शुल्क दोन्हीकडे आहेच. घर फक्त तुमच्या एकटीच्या नावे घेतल्यास त्यात एक टक्क्याची सवलत मिळते, ती लक्षात ठेवा.

दोन्ही घरांची किंमत अशी जवळपास सारखी येते. त्यानंतर दर महिन्याचा खर्च सुरू होतो. तुम्ही दिलेल्या आकड्यांप्रमाणे शेअर रिक्षाला माणशी वीस रुपये म्हणजे दोघांचे महिन्याला दोन हजार, आणि देखभाल खर्चातला फरक (३,६०० आणि १,७०० रुपये) एकोणीसशे. महिन्याला सुमारे चार हजार रुपये कायमचे. रात्री उशिरा शेअर रिक्षा भरत नाही, तेव्हा पूर्ण रिक्षा करावी लागेल ती वेगळी. ठाण्याहून येताना अंबरनाथनंतर बदलापूरला पोहोचायला गाडीत आठ-दहा मिनिटेच अधिक लागतात. खरा वेळ जातो तो स्थानकाबाहेरच्या रांगेत आणि त्या तीन किलोमीटरमध्ये. रात्रपाळी संपवून आलेल्या माणसाने सकाळी रिक्षाच्या रांगेत उभे राहणे म्हणजे त्याच साडेपाच तासांच्या झोपेतून अर्धा तास कापून देणे आहे.

दिरांच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. बदलापूरचे घर ११० चौरस फुटांनी मोठे आहे, इमारत नवी आहे, लिफ्ट आहे, आणि सासूबाईंना वय वाढेल तसा दुसरा मजला जड जाईल. अंबरनाथची इमारत चौदा वर्षांची आहे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी करायची असते, तेव्हा ती आता दारात आली आहे. सोसायटीकडे दुरुस्ती निधी किती साठला आहे आणि जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय बयाणा देऊ नका. जमीन सोसायटीच्या नावावर नसेल, तर पुढे पुनर्विकासाच्या वेळी तुमच्या घराचे मोल त्या प्रमाणात अडकून पडते. बदलापूरला तुम्ही पाण्याचे आणि पुराचे विचारा. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, ते उल्हास नदीचेच पाणी होते, आणि पश्चिमेचा नदीकडचा भाग सखल आहे. संकुलाची जागा निळ्या आणि लाल पूररेषेच्या (पुराचे पाणी कुठवर येऊ शकते ते दाखवणाऱ्या रेषांच्या) बाहेर आहे ना, हे पाटबंधारे खात्याच्या नकाशावर पाहता येते. पहिल्या तीन इमारतींत जे राहायला आले आहेत त्यांना महिन्याला किती टँकर येतात तेही विचारा. विक्री कार्यालयापेक्षा त्यांचे उत्तर अधिक उपयोगी पडेल.

रविवारची मुदत मनातून काढून टाका. दर वाढेल या भीतीने एक लाख भरून मोकळे व्हावेसे वाटणे स्वाभाविक आहे, पण नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेताच येत नाही, आणि करारापूर्वी तुम्ही शांतपणे कागद वाचण्याने त्याचे काही बिघडत नाही. त्या भागात घरे प्रत्यक्षात कितीला विकली गेली, हे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोनमध्ये (नोंदवलेल्या व्यवहाराच्या गोषवाऱ्यात) दिसते. ते आकडे पाहिल्यावर रविवारच्या दराची किंमत आपोआप कळेल.

माझा कल कुठे आहे, हे तुम्ही विचारलेच आहे, म्हणून लपवत नाही. तुमच्या नोकरीचा आणि झोपेच्या वेळेचा विचार करता मी अंबरनाथकडे झुकेन. पण मागची खोली खरोखर शांत असेल आणि नवे रूळ पलीकडून जाणार असतील तरच. त्यातले एक जरी चुकले, तरी त्याच गल्लीत रुळांपासून दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतले घर शोधा. मध्ये एक इमारत आली की आवाज पुष्कळ अडतो, आणि स्थानक तरीही दहा-बारा मिनिटांवरच राहते. पत्रात तुम्ही या तिसऱ्या पर्यायाचा उल्लेखच केलेला नाही, आणि मला वाटते तो शोधण्यासारखा आहे. बदलापूर अजूनही मनात असेल, तर त्याच संकुलातल्या पूर्ण झालेल्या इमारतीत अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहून पाहता येईल. डोंबिवलीत भाडे भरतच आहात, ते तेथे भरा. मुलाच्या शाळेची अडचण मात्र आधी सोडवावी लागेल.

अंबरनाथच्या घरमालकांना फोन करून एक विनंती करा. घर सध्या रिकामे आहे असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे ते बहुधा नाही म्हणणार नाहीत. पुढच्या आठवड्यातल्या एखाद्या रात्रपाळीनंतर, शनिवार-रविवार सोडून, डोंबिवलीला न उतरता तसेच पुढे अंबरनाथला जा. सोबत चटई, चादर आणि पाण्याची बाटली घ्या, पतीला किंवा सासूबाईंना बाहेरच्या खोलीत बसू द्या, मागच्या खोलीची खिडकी लावा आणि झोपून पाहा. दुपारी उठल्यावर कसे वाटले, ते मला जरूर कळवा.